दीड हजाराचं राहू दे, चाळीस हजारांचं बघ

पत्र:

नमस्कार मॅडम, मी बार्शीची, वय २४. ऐरोलीत एका कंपनीत लागलेय, हातात २९ हजार येतात. आईच्या मैत्रिणीची पुतणी इथे आधीपासून होती, तिने टू बीएचके घेतला आणि आम्ही तिघी नंतर त्यात आलो. तिला मी ताईच म्हणते. ॲग्रीमेंट ११ महिन्यांचं आहे, तिच्या एकटीच्या नावावर. भाडं ४२ हजार आहे असं तिने सांगितलं, म्हणून चौघी साडेदहा-साडेदहा काढतो. डिपॉझिटचे आम्ही तिघींनी प्रत्येकी ४० दिले, माझे २५ जीपेने आणि १५ कॅश. ब्रोकरेज वगैरे वेगळं काही तिने मागितलं नव्हतं. मला इथे आठ महिने झाले, ॲग्रीमेंट संपायला दोन राहिलेत. मागच्या रविवारी ओनर काका गिझर दुरुस्तीला माणूस घेऊन आले आणि बोलता बोलता म्हणाले, "३६ हजारात आज ऐरोलीत टू बीएचके मिळतो का सांगा." ताई घरी नव्हती. आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. म्हणजे ताई फक्त साडेचार हजार भरते आणि बाकी आमच्या जिवावर?? तेव्हापासून तिच्याशी धड बोलवत नाही. एचआरने रेंट रिसीट आणि ओनरचा पॅन मागितलाय, ताई आज देते उद्या देते करते. त्यात माझ्या खोलीतली मुलगी नाईट शिफ्टला आहे, पहाटे साडेचारला येते आणि लाईट लावते. भांडू का? ओनर काकांना सांगू का? आईला सांगितलं तर सगळ्या बार्शीत होईल. — गिझरवाली

उत्तर:

गिझरवाली, पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पण तुझ्यासारखीच तापले, ताईला काय काय बोलायचं ते मनात तयार पण झालं. मग चहा टाकला, कॅल्क्युलेटर घेतला आणि परत वाचलं, तेव्हा तू मध्येच सहज टाकलेलं एक वाक्य दिसलं की ब्रोकरेज तिने मागितलं नव्हतं. आता बघ, मुंबई-नवी मुंबईत एजंट सहसा एका महिन्याचं भाडं घेतो, म्हणजे ३६ हजार. ते ताईने एकटीने दिले असतील तर चौघींत तुझ्या वाट्याचे नऊ हजार होतात. खरं भाडं ३६ धरलं तर तुझा हिस्सा नऊ, तू देतेस साडेदहा, म्हणजे महिन्याला दीड हजार जास्त आणि आठ महिन्यांचे झाले बारा हजार. त्यातून ब्रोकरेजचे नऊ वजा कर. राहिले तीन हजार. आणि घरात फ्रिज, वॉशिंग मशीन, गॅस असं काही ताईचं स्वतःचं असेल तर (पत्रात नाहीये, पण फ्लॅट जिने घेतला तिचं काहीतरी असतंच) ते तीन हजार आठ महिन्यांच्या वापरात गेले म्हणायचे.

ताईची वकिली करायला बसलेली नाहीये मी. तिने ४२ सांगितले तिथेच तिचं चुकलं. सरळ म्हणायचं ना, बाई भाडं ३६ आहे, एजंटला मी ३६ दिलेत, फ्रिज माझा आहे, म्हणून तुम्ही साडेदहा द्या, कुणी नाही म्हणालं नसतं. पण लपवलेली गोष्ट कळली की आपल्याला प्रत्येक रुपया चोरलेला वाटायला लागतो, आणि तू आत्ता तिथे आहेस. लुटलं असेलही, पण लुटीचा आकडा बहुतेक बारा हजार नाहीये, एवढं धरून चाल. उलट पुढच्या टर्मला, जेव्हा एजंट नसेल आणि फ्रिज अजून एक वर्ष जुना झालेला असेल, तेव्हा पण तिने साडेदहाच मागितले तर मात्र त्या दीड हजाराला काहीही कारण उरत नाही. भांडायचंच तर त्यावर भांड.

आता मला ज्याची खरी काळजी वाटतेय ते. तू दीड हजारावर झोप घालवतेयस आणि चाळीस हजारांवर पत्रात एक ओळ लिहिलीस. ऐरोली पट्ट्यात ओनर साधारण दोन-तीन महिन्यांचं भाडं डिपॉझिट घेतात, म्हणजे ७२ हजार ते १ लाख ८ हजार. तुम्ही तिघींनी मिळून दिलेत १ लाख २० हजार. म्हणजे ताईने स्वतःचं काही न घालता ओनरचं डिपॉझिट भरून वर थोडे हातात पण राहिले असतील, आणि कागदावर ते सगळंच्या सगळं डिपॉझिट तिचं आहे, कारण नाव तिचं. उद्या तिचं लग्न ठरलं, बदली झाली, बंगळुरूची ऑफर आली तर ओनर काका काय करतील, ज्या बाईचं नाव ॲग्रीमेंटवर आहे तिच्या खात्यात पैसे टाकतील आणि मोकळे होतील. ते चूक पण नसतील त्यात. तू काकांसाठी कोण? गिझर गळतोय म्हणून सांगणारी मुलगी.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये. २०११ मध्ये मी कोपरखैरण्याला रो-हाऊसमध्ये पाच जणींसोबत राहायचे, वरच्या मजल्यावर, जिना इतका अरुंद की कपाट दोर बांधून गॅलरीतून चढवलेलं. डिपॉझिटचे अठरा हजार मी जिच्या नावावर घर होतं तिला कॅश दिले, चिठ्ठी नाही चपाटी नाही, कारण ती रोज माझ्यासाठी भात ठेवायची, अशा मुलीकडे पावती कशी मागणार. वर्षभराने तिचं लग्न ठरलं. मी लग्नाला गेले, जेवले, ५०१ चा आहेर केला आणि येताना हळूच विचारलं तर म्हणाली अगं ओनरने अजून दिले नाहीत, आले की टाकते. ते अजून यायचेत.

म्हणून आधी कागद. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे, त्याच्या कलम ५५ मध्ये सांगितलंय की लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे तुमचं हे ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट, लेखी आणि रजिस्टर झालेलंच पाहिजे, ती जबाबदारी ओनरची, आणि नाही केलं तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. लोक म्हणतात ११ महिन्यांचं आहे मग रजिस्टर कशाला, तर ते एक वर्षाच्या आतलं नोंदवायला लागत नाही हे जुनं गणित इथे चालत नाही, आपल्याकडे ११ काय आणि ६ काय, सगळं नोंदवायलाच लागतं. तुमचं रजिस्टर झालेलं असेल तर त्याचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातला उतारा, निघतो, त्यात भाडं किती, डिपॉझिट किती, आकड्यासकट असतं. ताईकडे ॲग्रीमेंटची कॉपी माग, बँकेत पत्ता बदलायचाय म्हणून माग हवं तर. नुसत्या काकांच्या बोलण्यावर कुणावर आरोप करायचा नसतो, काय सांगावं, ३६ भाडं आणि मेंटेनन्स वेगळा असं पण असू शकतं, ओनर लोक गप्पांत मेंटेनन्स धरत नाहीत, आपण खिशातून काढताना धरतो. एकदा तो कागद बघितलास की अर्धं भांडण तिथेच मिटेल किंवा नीट पेटेल, दोन्हीपैकी काहीतरी होईल.

काकांना आत्ता सांगू नकोस. त्यांना घरात मुली राहतात एवढं माहीत आहे, पण कोण कोण, किती, कुणाची माहिती पोलिसांकडे दिली आणि कुणाची नाही हे त्यांनी बहुतेक कधी मोजलेलं नाहीये, आणि भाडेकरूंची माहिती पोलिसांना दिली नाही म्हणून ओनरवर केस झाल्याच्या बातम्या ते पण वाचतात. तू ताईची तक्रार घेऊन गेलीस की त्यांना ताईचा नाही, स्वतःचा लफडा दिसणार, आणि अशा वेळी ओनरचं एकच उत्तर ठरलेलं असतं, सगळ्या खाली करा. टर्म संपल्यावर तर त्यांच्या हातात कायदा पण आहे, कलम २४, मुदत संपून पण जो खाली करत नाही त्याला भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई लागू शकते. अर्थात ते ताईवर येईल, तू तर कागदावरच नाहीयेस, तुला फक्त बॅग उचलावी लागेल.

तर ताईशी बोल, पण एकटीने. तुझ्या रूममेटला घेऊन गेलीस तर ताईला वाटणार दोघींनी गट केलाय, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबातच नको, ग्रुपवर माणूस पहिली अर्धी लाज झाकण्यात घालवतो. रविवारी सकाळी ती केस धुऊन निवांत बसलेली असते ना, ती वेळ बघ. आणि सुरुवात ४२ ने नाही करायची. असं म्हण, ताई, ॲग्रीमेंट संपतंय, रिन्यू करताना आमची पण नावं घालूया का, मला ॲड्रेस प्रूफ लागतंय आणि घरचे पण विचारतात. एवढंच. नावं घालायची म्हणजे भाड्याचा आकडा आपोआप टेबलावर येतो, कुणाला कुणी खोटं ठरवायची गरज नाही. ती जर म्हणाली की हो अगं, भाडं खरं ३६ आहे, मी एजंटचे त्यात धरले होते, तर ते ऐकून घे, बारा वजा नऊचा हिशोब तुझ्याकडे आहेच, आणि पुढच्या महिन्यापासून नऊवर ये. मागचे तीन हजार सोडून दे, माझं मत विचारशील तर. आणि जर ती गरम झाली, तुला विश्वास नाही का, तुझ्या आईच्या ओळखीने ठेवलं तुला, वगैरे, तर समज की आता दोन महिन्यांत दुसरं घर बघायचंय, आणि आजपासून बघायला लाग.

रिन्यूचा खर्च खूप येतो असं कुणी म्हणालं तर हा हिशोब दाखव. स्टॅम्प ड्युटी पाव टक्का, ११ महिन्यांचं एकूण भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर. ३६ गुणिले ११ म्हणजे ३ लाख ९६ हजार, डिपॉझिट लाखभर धरलं तर अजून नऊ-दहा हजार, सव्वाचार लाखाच्या आतच आलं. पाव टक्का म्हणजे हजार रुपयांच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. नोंदणीवाला एजंट अंगठ्याचे ठसे घ्यायचं मशीन घेऊन घरी येतो त्याचे वेगळे, पण चौघींत वाटले तर एकीला एका वीकेंडच्या पिझ्झ्याएवढे. त्या ॲग्रीमेंटमध्ये चौघी लायसन्सी, म्हणजे राहणाऱ्या, म्हणून घाला, डिपॉझिट कुणाचं किती ते लिहून घ्या, आणि भाडं आपापल्या यूपीआयवरून थेट काकांना. काका म्हणतील चार एंट्र्या कशाला, एकीनेच टाका, तर निदान महिन्याला ती एक ट्रान्सफर ग्रुपवर टाकायची पद्धत पाडा.

याची दुसरी बाजू पण सांगते, नाहीतर म्हणशील आधी का नाही बोललात. चौघींची नावं आली की सहसा भाड्याची जबाबदारी पण चौघींची सगळ्या रकमेसाठी असते, एक पळाली तर काका उरलेल्या तिघींकडे बोट दाखवणार. आणि मध्येच कुणी गेली, दुसरी आली की कागद परत करायला लागतो, ओनर वैतागतात. म्हणून नोटीस एक महिना आणि जाणारीने रिप्लेसमेंट आणून द्यायची, नवीन येणारीने जाणारीला डिपॉझिट द्यायचं, हे चौघींनी आपसात एका कागदावर लिहून सह्या करून ठेवा. साधा कागद चालेल. लाईट बिलाचं पण तेच, ऐरोलीत महावितरण आहे, ग्राहक क्रमांक टाकला की बिल ॲपवर दिसतं, ताईने किती सांगितलं याची वाट बघायला नको. पहिली १०० युनिट स्वस्त असतात, त्यापुढचा दर बराच वर जातो, आणि चौघींच्या आंघोळी एका मीटरवर म्हटल्यावर तुम्ही त्या १०० मध्ये कधीच राहणार नाही, हे ताईचं पाप नाही.

ताई काहीच ऐकत नाही, नावं पण घालत नाही आणि डिपॉझिटबद्दल पण गोल गोल बोलते, असं झालं तर लोक जे करतात ते तुला कुणीतरी सांगेलच, की शेवटचे दोन महिने भाडं देऊ नको, डिपॉझिटमधून वळतं कर. २१ हजार वळते होतील, १९ राहतील. मी याला शेवटचा उपाय म्हणते, कारण तुझे साडेदहा आले नाहीत म्हणून ताईने काकांचं भाडं थकवलं तर त्यात बाकीच्या दोघी पण भरडल्या जातील, ज्यांनी काही केलेलं नाही. करायचंच झालं तर गुपचूप नको, आधी मेसेज टाक की अमुक तारखेला मी सोडतेय, डिपॉझिट कधी मिळेल ते कळव, नाहीतर या दोन महिन्यांचं त्यातून धरतेय. उरलेल्या १९ हजारांसाठी कोर्टात जाता येतं, साध्या पैशाच्या दाव्याला मुदत तीन वर्षं असते, पण १९ हजारांसाठी वकील करून तारखा घेणारी मुलगी मी अजून बघितलेली नाही. म्हणून पुरावा आत्ता, गोड असतानाच करून ठेवायचा.

एचआरने रिसीट मागितलीय ती एचआरएसाठी, म्हणजे पगारातल्या घरभाडे भत्त्यासाठी, त्याचं टेन्शन घेऊ नकोस. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की कंपनी ओनरचा पॅन मागते, हे खरं. पण एचआरएची सूट टॅक्सच्या जुन्या रेजीममध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीत, नव्यात नाही, आणि नव्यात २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर टॅक्सच लागत नाही. तुझे हातात २९ येतात म्हणजे वर्षाचे साडेतीन लाख, दुसरीकडून काही येत नसेल तर तुला कुठल्याच रेजीममध्ये भरायचं नाहीये. एचआरला सांग नवीन रेजीम आणि विषय संपव. ताई पॅन देत नाही यावरून तिच्यावर अजून एक संशय घेतला असशील तर तो मागे घे, तिच्याकडे काकांचा पॅन नसेल पण, आणि रिसीट दिली तर ३६ चा आकडा बाहेर येतो म्हणून पण देत नसेल, दोन्ही शक्य आहे.

पहाटे साडेचारची लाईट. यावर मला तुझ्यापेक्षा तिची कीव जास्त आली, रात्रभर कुणाच्या तरी अमेरिकेतल्या बिलाच्या तक्रारी ऐकून आलेली मुलगी अंधारात कपडे शोधणार कशी. माझे आजोबा परळला गिरणीत होते, बैठकीच्या खोलीत राहायचे, गावच्या पंधरा-वीस जणांत एक खोली, प्रत्येकाची एक ट्रंक भिंतीला लावलेली, जेवण खानावळीत. तीन पाळ्या होत्या म्हणून तर ते जमायचं, रात्रपाळीचा आला की दिवसपाळीवाल्याने उठून गेलेल्या जागेवर आडवा व्हायचा. ते सांगायचे, खोलीत पहिला नियम कंदिलाचा होता, पाळीवाला आला तर वात दाराकडे करायची. तू तिला डी-मार्टमधून एक बॅटरीवाला छोटा दिवा आणून दे आणि रात्री झोपताना तिचे घरचे कपडे खुर्चीवर काढून ठेव, आणि बघ. आणि चौथी जी मुलगी आहे ती पण शिफ्टची असेल तर नवीन टर्मला खोल्या बदलायचं सुचव, रात्रवाल्या एकीकडे, दिवसवाल्या एकीकडे. म्हणजे तू आणि ताई एका खोलीत. हो, मला कळतंय मी काय लिहिलं ते.

आईला सांग. बार्शीत होईल म्हणून घाबरतेस पण ताईच्या काकूने, म्हणजे आईच्या मैत्रिणीने, आधी सांगितलं की तुमची मुलगी पैशावरून भांडते, तर ते जास्त होईल, आणि मग आई तुझी बाजू ऐकायच्या आधी मैत्रीण सांभाळायला बसेल. फक्त आईला ४२ आणि ३६ सांगू नकोस अजून, कागद बघेपर्यंत. डिपॉझिटचं सांग.

आणि एक काम हे वाचून झाल्या झाल्या कर, रविवारची वाट नको बघू. ताईला मेसेज टाक, "ताई मी हिशोब लिहून ठेवत होते, मी डिपॉझिटचे २५ जीपे आणि १५ कॅश असे ४० दिलेत ना, सोडताना परत मिळतील ते, बरोबर ना?" नंतर एक स्माईली टाक हवी तर. कॅशच्या त्या पंधरा हजारांचा दुसरा कुठलाच पुरावा तुझ्याकडे नाहीये. तिचं "हो गं" आलं की स्क्रीनशॉट काढ आणि आईला पाठवून ठेव, तुझा फोन लोकलमध्ये गेला तरी आईचा बार्शीत असतो.